संगणकाची पाटी : पेन टॅब्लेट चालतो कसा आणि कोणाच्या उपयोगाचा

मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत शाळांचे व शिकवणी वर्गांचे फळे एकाएकी निरुपयोगी ठरले. या शहरात ही गोष्ट किरकोळ नव्हती. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून सेक्टरांमध्ये आखलेल्या या वसाहतीत अभियंते, तंत्रज्ञ आणि कामगार यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी हा इथे घरोघरीचा विषय असतो, आणि २०१६ मध्ये शहराच्या नावाने आयआयटी स्थापन झाल्यापासून तर तो अधिकच जवळचा झाला आहे.

वर्ग बंद झाले तरी परीक्षा रद्द झालेल्या नव्हत्या. शिक्षकांकडे कॅमेरा होता, ध्वनिक्षेपक होता, विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल होते. नव्हता तो फळा. इतिहासाचा पाठ बोलून किंवा छापील मजकूर दाखवून शिकवता येतो. इंटिग्रेशनचे लांबुडके चिन्ह, बेन्झीनचा षटकोन, उतरत्या फळीवरील ठोकळ्यावर काम करणाऱ्या बलांचे बाण या गोष्टी कळफलकावर टंकता येत नाहीत, आणि गणित सोडवताना मध्येच एखादे पद खोडून त्याच्या डोक्यावर दुसरे लिहिण्याची रीत तर मुळीच नाही. माउसने वर्गमूळाचे चिन्ह काढून पाहिलेल्या कोणालाही आपले अक्षर बालवाडीत परत गेल्यासारखे वाटते. काही शिक्षकांनी पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल आडवा ठेवून खाली वहीत लिहायला सुरुवात केली. अनेकांनी मात्र देशभरातील इतर शिक्षकांप्रमाणेच एका अशा साधनाची चौकशी केली, जे तोवर प्रामुख्याने चित्रकारांच्या आणि ॲनिमेशन करणाऱ्यांच्या मेजावर दिसत असे. ते साधन म्हणजे पेन टॅब्लेट.

पेन टॅब्लेट म्हणजे संगणकाला तारेने किंवा बिनतारी जोडलेली एक सपाट पाटी आणि तिच्यासोबतची लेखणी. पाटीवर काहीही उमटत नाही. लेखणी पाटीवर फिरते आणि रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. नावातील साधर्म्यामुळे येथे नेहमी गोंधळ होतो. आयपॅडसारखा टॅब्लेट हा स्वतःच एक संगणक असतो. पेन टॅब्लेटमध्ये संगणक नसतो, तो कळफलक किंवा माउस यांच्यासारखा संगणकाला माहिती पुरवणारा एक जोडभाग आहे. ज्या पाटीच्या पृष्ठभागातच पडदा बसवलेला असतो तिला पेन डिस्प्ले म्हणतात. तिची किंमत कितीतरी पट अधिक असते. साधा पेन टॅब्लेट काही हजार रुपयांत मिळतो.

या साधनाकडे कळफलकाला पर्याय म्हणून पाहिले गेले तेव्हा प्रत्येक वेळी निराशा पदरी आली, आणि जिथे हाताची रेघ हाच मजकूर असतो अशा कामांत ते सहज रुळले. भिलाईतील गणिताचा तास हे अशा कामाचे उत्तम उदाहरण आहे. मराठी लिहिण्याचे काम मात्र या दोहोंच्या सीमेवर येते, म्हणून त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

माउस आणि लेखणी

माउस संगणकाला आपण कुठे आहोत हे कधीच सांगत नाही. तो फक्त किती सरकलो आणि कोणत्या दिशेने सरकलो एवढेच कळवतो. म्हणूनच मेजाच्या कडेशी पोहोचलेला माउस उचलून पुन्हा मध्यभागी ठेवला तरी पडद्यावरील बाण जागचा हलत नाही. लेखणीचे तसे नसते. पाटीचा प्रत्येक बिंदू पडद्याच्या एका ठरावीक बिंदूशी बांधलेला असतो. लेखणी पाटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकवली की बाण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जातो, मग तो आधी कुठेही असो.

दुसरा फरक हाताचा आहे. माउस मुठीत धरून मनगटाने आणि कोपराने ढकलावा लागतो, लेखणी तीन बोटांत धरली जाते. अक्षराचे वळण लहानपणापासून या तीन बोटांतच बसलेले असते. त्यामुळे सही, बाण, आकृती किंवा अक्षर लेखणीने काढले की ते त्या माणसाचे दिसते. दिवसभर माउस वापरून मनगट दुखणारी काही माणसे केवळ हाताची ठेवण बदलावी म्हणून पेन टॅब्लेट घेतात, हा त्याचा आणखी एक उपयोग.

पाटीच्या पोटात काय असते

लेखणीला तार नसते. बहुतेक पेन टॅब्लेटच्या लेखणीत आता बॅटरीही नसते. मग पाटीला लेखणीचा पत्ता कसा लागतो, हा प्रश्न वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडतो. याचे उत्तर रेडिओच्या तत्त्वात आहे.

पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांच्या उभ्या आणि आडव्या वेटोळ्यांची जाळी पसरलेली असते. पाटी त्यांतील एकेका वेटोळ्यातून अत्यंत अल्प काळ विद्युतप्रवाह सोडते, त्यामुळे पृष्ठभागावर काही मिलिमीटर उंचीपर्यंत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. लेखणीच्या टोकाशी तारेचे एक बारीक वेटोळे आणि एक धारित्र असते. या दोहोंची मिळून एक ठरलेली कंपनसंख्या असते. पाटीच्या क्षेत्राची कंपनसंख्या तिच्याशी जुळली की लेखणीतील मंडल झंकारू लागते, जशी एक तार छेडली असता त्याच सुराला लावलेली शेजारची तार आपोआप झंकारते. मग पाटी क्षणभर प्रवाह थांबवते आणि त्याच वेटोळ्यांतून ऐकू लागते. लेखणीतील झंकार अजून विरलेला नसतो. तो पाटीला पुन्हा ऐकू येतो. ज्या वेटोळ्यात तो सर्वात मोठा, त्याच्या जवळ लेखणी आहे. शेजारच्या वेटोळ्यांतील कमीअधिक आवाजाची तुलना करून दोन तारांच्या मधली नेमकी जागाही काढता येते. बोलायचे आणि ऐकायचे हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा चालते.

लेखणी पृष्ठभागाला न टेकता सुमारे एक सेंटिमीटर वर असली तरी तिचा झंकार ऐकू येतो. बाण आधी जागेवर आणायचा आणि मग टेकवायचे, हे त्यामुळेच शक्य होते. दाब मोजण्याची युक्तीही याच मंडलात दडलेली आहे. टोक दाबले की ते किंचित आत सरकते, त्याने मंडलाचा गुणधर्म थोडासा बदलतो आणि झंकाराचा सूर किंचित हलतो. पाटी तो बदल ओळखते व त्याचे आकड्यात रूपांतर करते. चित्र काढण्याच्या प्रणालीत हा आकडा रेघेच्या जाडीला किंवा रंगाच्या गडदपणाला जोडलेला असतो. बोटाने किंवा साध्या पेनाने या पाटीवर काहीही उमटत नाही, कारण त्यांत झंकारणारे काही नसते. तळहात पाटीवर टेकून निर्धास्तपणे लिहिता येते ते याच कारणाने.

खोक्यावर छापलेले आकडे मात्र ग्राहकाने शांतपणे वाचावेत. दाबाच्या पातळ्या पूर्वी २५६ असत, पुढे १०२४ आणि २०४८ झाल्या, आता ८१९२ हा आकडा सर्रास दिसतो. सूक्ष्मता इंचाला २५४० किंवा ५०८० रेषा, म्हणजे मिलिमीटरला १०० किंवा २०० इतकी सांगितली जाते. सर्वसाधारण पडद्याच्या पूर्ण रुंदीत १९२० बिंदू असतात. सहा इंच रुंदीची पाटी इंचाला २५४० रेषा मोजत असेल, तर ती पडद्याच्या एकेका बिंदूमागे सुमारे आठ जागा ओळखते. जलरंगाचा परिणाम साधणाऱ्या चित्रकाराला दाबाच्या पातळ्यांचा उपयोग आहे. समीकरण सोडवणाऱ्याला यांतील कोणताच आकडा कमी पडण्याची शक्यता नाही. त्याने पाहायचे ते पाटीचे क्षेत्रफळ आणि आपल्या संगणकाच्या प्रणालीवर ती चालते की नाही, एवढेच.

सव्वाशे वर्षांहून जुनी कल्पना

लेखणीची हालचाल विद्युतसंकेतांत बदलण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे यांनी १८८८ मध्ये टेलऑटोग्राफ या यंत्राचे पेटंट घेतले. एका ठिकाणी लिहिलेली सही तारेने दुसऱ्या ठिकाणच्या लेखणीकडून जशीच्या तशी उमटवून घेणारे ते यंत्र होते. टेलिफोनच्या शोधाच्या श्रेयावरून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याशी ज्यांचा वाद झाला ते हेच ग्रे.

संगणकाच्या पडद्यावर थेट रेखाटन करून दाखवले ते इव्हान सदरलंड यांनी १९६३ मध्ये. त्यांच्या स्केचपॅड या प्रणालीत प्रकाशलेखणी पडद्यालाच टेकवावी लागे. उभ्या पडद्यासमोर हात उंचावून धरल्याने तो भरून येई. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने पाटी मेजावर आडवी ठेवली. दहा इंच लांब व तेवढ्याच रुंद अशा त्या पाटीवर इंचाला १०० रेषा होत्या, म्हणजे तिला दहा लाख बिंदू वेगळे ओळखता येत. हात मेजावर आणि नजर पडद्यावर ही आजच्या वापरणाऱ्याची बैठक तेव्हापासूनची.

जपानमध्ये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या वाकोम या कंपनीने झंकारणाऱ्या मंडलाचे तंत्र बाजारात आणून लेखणीची तार तोडली. त्याच सुमारास अभियांत्रिकी कार्यालयांत मोठ्या आकाराच्या पाट्या आल्या. कागदावरचा जुना नकाशा त्यांवर चिकटवून एकेका बिंदूवर टिचकी मारत तो संगणकात उतरवला जाई. १९८२ च्या अखेरीस आलेल्या ऑटोकॅड या प्रणालीच्या आज्ञांचा छापील तक्ताच पाटीवर अंथरण्याची पद्धत होती. पुढे नकाशे मुळातच संगणकावर तयार होऊ लागले आणि या मोठ्या पाट्या मागे पडल्या. चित्रकारांच्या लहान पाट्या राहिल्या.

कळफलकाची जागा घेण्याचा प्रयत्नही झाला. ॲपल कंपनीचा न्यूटन १९९३ मध्ये आला. हातचे लिहिलेले इंग्रजी ओळखण्याचा त्याचा दावा होता, पण त्याच्या चुकांवर वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे निघाली आणि १९९८ मध्ये तो बंद झाला. पाम कंपनीने १९९६ मध्ये उलटा मार्ग धरला. यंत्राने माणसाचे अक्षर ओळखण्याऐवजी माणसानेच यंत्राला कळतील अशी सोपी केलेली अक्षरे शिकावीत, असा तो मार्ग होता. तो चालला, परंतु त्याला हस्ताक्षर म्हणणे जरा धाडसाचेच.

वर्ग पडद्यावर आला तेव्हा

या पार्श्वभूमीवर २०२० मध्ये शिक्षकांनी पेन टॅब्लेट घेतला तेव्हा त्यांना अक्षरओळख नकोच होती. त्यांना फळा हवा होता. पांढऱ्या पडद्यावर रेघ उमटणे आणि ती त्याच क्षणी विद्यार्थ्याला दिसणे एवढेच पुरेसे होते. ओपनबोर्ड आणि झरनल प्लस प्लस यांसारख्या विनामूल्य प्रणाली त्यासाठी उपलब्ध होत्या. फळा पुसला की गेला, असेही येथे नव्हते. तासाची पाने जतन करून संध्याकाळी पाठवता येत होती.

पहिले काही दिवस मात्र अवघड गेल्याचे बहुतेक वापरणारे सांगतात. हात एकीकडे लिहितो आणि डोळे दुसरीकडे पाहतात. खडूने लिहिणाऱ्याची नजर खडूच्या टोकावर असते. येथे लेखणीच्या टोकाकडे पाहिले की अक्षर बिघडते, कारण तिथे काहीच उमटत नसते. अक्षर उचलून दुसऱ्या जागी ठेवताना, म्हणजे अपूर्णांकाच्या छेदावरून अंशावर जाताना किंवा अनुस्वार देताना, हात चुकतो. रोज थोडा वेळ नुसते आकडे गिरवले, तर आठवडाभरात ही अडचण मावळू लागते. नजर पडद्यावर ठेवायची, एवढेच पथ्य.

दुसरी अडचण सरावाने सुटत नाही, ती नेमकेपणाने दूर करावी लागते. अनेक पाट्यांवरचे लिहिण्याचे क्षेत्र सहा इंच रुंद आणि चार इंच उंच असते, तर पडद्याची रुंदी व उंची १६ ला ९ या प्रमाणात असते. पूर्ण पाटी पूर्ण पडद्याशी जोडली की आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जास्त ताणली जाते. वर दिलेल्या मापांत हा फरक जवळजवळ १८ टक्के भरतो. भूमितीच्या शिक्षकाने हाताने उत्तम वर्तुळ काढले तरी विद्यार्थ्याला लंबवर्तुळ दिसते, आणि काटकोन त्रिकोणाच्या दोन समान बाजू असमान होतात. पाटीसोबतच्या प्रणालीत 'प्रमाण कायम ठेवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडला की पाटीच्या खालची एक पट्टी वापरात राहत नाही, पण वर्तुळ वर्तुळ राहते. दोन पडदे जोडलेले असतील तर पाटी एकाच पडद्याशी बांधावी, अन्यथा ताण दुपटीहून अधिक होतो. डावखुऱ्या व्यक्तीला पाटी उलटी फिरवून तशी नोंद करता येते.

टोके झिजतात, हेही आधी ठाऊक असलेले बरे. पाटीला कागदासारखा खरबरीतपणा यावा म्हणून तिचा पृष्ठभाग मुद्दाम घासरा ठेवलेला असतो आणि लेखणीचे प्लॅस्टिकचे टोक त्यावर हळूहळू पेन्सिलीसारखे तिरके होते. खोक्यात सुटी टोके आणि ती उपसण्याची कडी असते. ती कडी हमखास हरवते.

सर्वच शिक्षकांकडे संगणक नव्हता. अलीकडच्या बऱ्याच पाट्या लहानशा जोडणीच्या साहाय्याने अँड्रॉइड मोबाईलवरही चालतात, पण मोबाईल उभा धरलेला असला की पाटीचा फक्त एक अरुंद भाग उपयोगात येतो, त्यामुळे मोबाईल आडवा करावा लागतो.

मुख्य मर्यादा साधनाची नव्हती, पोहोचेची होती. छत्तीसगड शासनाने एप्रिल २०२० मध्ये 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. भिलाईच्या सेक्टरांत इंटरनेट असले तरी राज्याच्या अनेक गावांत मुलांकडे मोबाईल किंवा जोडणी नव्हती. तिथे वस्त्यांमध्ये मोकळ्या जागी छोटे वर्ग भरवण्याची वाट काढावी लागली, आणि त्या वर्गांत पुन्हा खडू-फळाच होता. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी झाली तेव्हा शहरातील शिक्षकांना निदान पूर्वतयारीला वेळ मिळालेला होता.

शाई आणि अक्षर

पेन टॅब्लेट विकत घेणाऱ्या मराठी माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. त्यावर मराठी लिहिले की ते टंकलेले होते का? पाटी स्वतः हे करत नाही. ती लेखणीच्या जागा आणि दाब एवढेच पुढे पाठवते. पडद्यावर जे उमटते ते चित्र असते, जणू शाई. त्यात शब्द शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. शाईचे अक्षर करण्याचे काम वेगळ्या प्रणालीला करावे लागते.

छापील पान वाचणाऱ्या प्रणालीपुढे केवळ चित्र असते. लेखणीमागून वाचणाऱ्या प्रणालीला मात्र रेघ कुठून सुरू झाली, कुठे वळली आणि कोणत्या क्रमाने आली हेही कळते. रोमन लिपीत याचा मोठा फायदा होतो. देवनागरीत तोच क्रम अडचणही ठरतो. कोणी प्रत्येक अक्षरावर लगेच शिरोरेषा देतो, कोणी शब्द पुरा झाल्यावर एकच लांब रेघ ओढतो, कोणी ती देतच नाही. 'कि' लिहिताना वेलांटी काहीजण आधी काढतात, काही नंतर. अनुस्वार आणि रफार तर पुढची दोन अक्षरे झाल्यावर आठवणीने दिले जातात. मराठीतील ३४ व्यंजनांना बाराखडीच्या बारा स्वरचिन्हांनी गुणले तरी ४०८ आकार होतात, जोडाक्षरे वेगळीच.

सन २००० मध्ये स्कॉट कॉनेल, आर. एम. के. सिन्हा आणि अनिल जैन यांनी लेखणीने लिहिलेल्या सुट्या देवनागरी अक्षरांची ओळख पटवण्याचा शोधनिबंध मांडला. त्यांची अचूकता ८६.५ टक्के होती. प्रारंभीच्या कामासाठी हा आकडा चांगलाच होता, पण व्यवहारात त्याचा अर्थ वेगळा होतो. अक्षरामागे एवढी अचूकता असेल, तर पाच अक्षरांचा संपूर्ण शब्द बरोबर येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमी भरते. प्रत्येक दुसरा शब्द दुरुस्त करत बसण्यापेक्षा टंकणे बरे, असे कोणालाही वाटेल.

त्याच दशकात भारतात दोन वेगळे प्रयत्न झाले, आणि त्यांतील एकाचा छत्तीसगडशी संबंध आहे. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी सिंप्युटर हा हातात मावणारा, लेखणीने चालणारा स्वस्त संगणक तयार केला. २००४ मध्ये तो बाजारात आला. छत्तीसगडमध्ये शालेय मुलांच्या शिक्षणासाठी आणि गोव्यात डेम्पो कंपनीच्या लोहखनिजाची खाणीपासून जहाजापर्यंतची वाहतूक नोंदवण्यासाठी तो वापरून पाहण्यात आला. विक्री अपेक्षेच्या मानाने थोडीच झाली आणि पुढे मोबाईलच्या लाटेत तो दिसेनासा झाला.

दुसरा प्रयत्न अधिक कल्पक म्हणावा लागेल. एचपी कंपनीच्या बंगळूरू येथील प्रयोगशाळेने २००६ मध्ये जेस्चर कीबोर्ड पुढे आणला. तो वस्तुतः पेन टॅब्लेटच होता, परंतु त्याच्या पृष्ठभागावर चौकटींत स्वर-व्यंजने छापलेली होती. 'क'च्या चौकटीत लेखणी टेकवली की 'क' उमटे. त्याच चौकटीत काना ओढला की 'का', वेलांटी काढली की 'कि' किंवा 'की', उकार काढला की 'कु'. शेकडो आकार ओळखण्याऐवजी यंत्राला मोजकी स्वरचिन्हे तेवढी ओळखावी लागत, आणि वापरणाऱ्याला कळांची जागा पाठ न करता शाळेत शिकलेली बाराखडी पुरत असे. देवनागरी व कन्नड या लिपींसाठी तो करण्यात आला होता. तोही फार पसरला नाही. इनस्क्रिप्ट कळफलक १९९१ पासून भारतीय प्रमाणात समाविष्ट होता, आणि ज्यांना तो शिकायचा नव्हता ते रोमन अक्षरांतून मराठी उमटवू लागले होते.

आज परिस्थिती बदलली आहे. गूगलने एप्रिल २०१५ मध्ये मोबाईलसाठी हस्ताक्षर ओळखणारी सुविधा दिली तेव्हा तिच्यात ८२ भाषा होत्या. नंतर ती सोय त्यांच्या जीबोर्ड या कळफलकात आली. ओळख आता सुट्या अक्षराऐवजी संपूर्ण शब्दाच्या संदर्भाने होते, त्यामुळे एखादे अक्षर फसले तरी शब्द सावरतो. तरीही लांबलचक मजकुरासाठी लेखणी मंदच. सराव असलेला टंकलेखक तिला सहज मागे टाकतो.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी यात एक बारकावा राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरण्यास सांगितले आहे. हिंदी वळणाचा दंडयुक्त 'ल' आणि गाठयुक्त 'श' त्याहून वेगळे दिसतात. भिलाईच्या मराठी घरांत ही दोन्ही वळणे एकत्र नांदतात: आजीच्या पत्रातला 'ल' पाकळ्यांचा आणि हिंदी शाळेत शिकलेल्या नातवाच्या वहीतला दंडाचा. एखादी प्रणाली प्रामुख्याने हिंदी लेखनाच्या नमुन्यांवर तयार केलेली असेल, तर नातवाचे अक्षर तिला आजीच्या अक्षरापेक्षा लवकर कळते. 'ळ' आणि 'ऱ्य' यांचीही गत तशीच, कारण प्रमाण हिंदीत त्यांचे कामच पडत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी प्रणालीत भाषा 'हिंदी' नव्हे तर 'मराठी' निवडलेली आहे ना, हे पाहावे.

ओळख पटल्यावर मात्र दोन्ही 'ल' एकच होतात. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत 'ल'साठी एकच खूण आहे. ती पडद्यावर कोणत्या आकारात दिसेल हे फाँट ठरवतो, आणि ज्या फाँटांत दोन्ही आकार भरलेले असतात ते मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तर पाकळीचा 'ल' दाखवतात, हिंदी म्हणून नोंदलेली असेल तर दंडाचा.